गुरुजी हिंगणघाटच्या संघात गेले त्या वर्षाची पकड

मंडळी, आज छाती फुगली आहे. सकाळी जाम गावच्या चौकात आमचे कबड्डीचे गुरुजी भेटले.

ऐंशीच्या दशकात एक हंगाम संपला आणि हिंगणघाटच्या संघाने त्यांना नेलं. आम्ही वडनेरच्या पोरी फार चिडलो होतो.

पुढच्याच हंगामात अंतिम सामन्यात समोर त्यांचाच संघ. त्यांची पोरगी चढाई करत माझ्या कोपऱ्यात आली आणि गुरुजी सवयीने बाहेरून ओरडले, "मंगला, घोटा धर!"

मी धरला. आम्ही जिंकलो.

आज विचारलं, "गुरुजी, मग तुमचं काय झालं?"

"दुसऱ्याच दिवशी काढलं मले. पण पकड काय होती तुही, पोरी."

चाळीस वर्षांनी शाबासकी मिळाली. तुमची कोणाकडे राहून गेली आहे?