मालतीकाकूंचा चॅनेल

मालतीकाकू कुणाकडे पूजेला गेल्या, की देवाला नमस्कार करायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावत. "प्रसादात काय काय घातलंयस गं?" यजमानीण मोठ्या कौतुकाने वेलदोड्यापासून सुरुवात करी. काकू मध्येच तोडत, "ते राहू दे. दाणे आहेत का?" कर्जतमधल्या निम्म्या बायकांनी त्यांना हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं होतं. उरलेल्या निम्म्या त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी, त्यांची तेवढी हिंमत नव्हती.

काकू आमच्या शेजारीण, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. माझ्या इराला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी निघाली आणि त्यांना उरलेल्या आयुष्याचं काम सापडलं. आपल्याकडे भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, आणि उपवासाला तर कुटाचंच राज्य. त्यावर सल्ले फुकट! "चिमूटभर रोज द्या, सवय होते." "प्रसादानं कधी कुणाला बाधलंय?" माझ्या नणंदेने तर एका महाराजांचा व्हिडिओ पाठवला. महाराज काढा पाजून अ‍ॅलर्जी मुळापासून उपटत होते आणि खाली हजारो भक्त हात जोडत होते. "मुळापासून उपटायला ती काय दाढ आहे?" काकू कडाडल्या, आणि त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःचा चॅनेल काढला.

चॅनेल कसला, शाळेचा तासच तो. मागे फळा, हातात पट्टी आणि सुरुवातीलाच दरडावणी, "लक्ष इकडे!" प्रत्येक भाग त्या आधी पनवेलच्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञ बाईंना दाखवत. बघणाऱ्यांच्या निम्म्या प्रश्नांना एकच उत्तर असे, "मला माहीत नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारा." लोकांना हवा असतो चमत्कार, आणि ह्या सांगत पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. काका म्हणत, "हिच्यापेक्षा आपल्या मांजराला जास्त प्रेक्षक मिळतील." काका चुकीचं बोलत नव्हते.

एकच भाग काकूंनी कुणालाही न दाखवता टाकला. विषय होता दाण्यावाचून उपवास. हातात खोपोलीच्या वाटेवरच्या एका दुकानातली राजगिऱ्याची चिक्की. "राजगिरा आणि गूळ. दाण्याचा संबंध नाही, बिनधास्त द्या," काकू चक्क हसून म्हणाल्या. जन्मभर खाल्लेल्या चिक्कीबद्दल डॉक्टरांना काय विचारायचं? आम्हा कर्जतकरांना चिक्की घरच्या माणसासारखी, तिच्यावर संशय घेणं सुचतच नाही.

मीही ती आणली. इराने एक तुकडा खाल्ला आणि बघता बघता तिचे ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. डॉक्टरांनी शिकवून ठेवलेलं इंजेक्शन मी तिच्या मांडीत दिलं आणि तिला दवाखान्यात नेलं. पोर वाचली. काकू धावत आल्या, तेव्हा मी सगळ्यांदेखत त्यांच्यावर तोंड टाकलं. त्या तिथूनच थेट चिक्कीवाल्याकडे गेल्या.

चिक्कीवाला म्हणाला, "कढय एकच हाय ना, काकू. आधी दाण्याची, मंग राजगिऱ्याची. पण मदी फडका मारतो आमी!"

संध्याकाळी काकूंनी जुना भाग काढून टाकला आणि "मी चुकले" असा नवा टाकला. टिंगल करणारे नेमके तेवढ्यासाठी हजर झाले. काकूंना त्याचं काही नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता जुन्या भागाखाली वाचलेल्या एका ओळीत. 'कळंबहून. पोरीसाठी आणली चिक्की. आभारी हाय.' खाली नाव नव्हतं, की नंबर नव्हता.

इरा घरी आल्यावर काकू मला म्हणाल्या, "चल." त्यांच्यावरचा राग गेला नव्हता, तरी मी गेले. कर्जतजवळच्या कळंबला दारोदार विचारत हिंडलो, "दाणे न चालणारी मुलगी कुणाची?" लोक आम्हाला वेडं समजत होते. शेवटी एका ओट्यावर एक बाई उभी राहिली. पोरगी तिच्या पदराआड.

"चिक्की दिलीस का गं हिला?" काकूंनी विचारलं.

"नाय अजून. संकष्टीला फोडायची हाय."

"देऊ नकोस. त्यात दाण्याचा अंश असतो."

बाईने काकूंच्या धुळीने माखलेल्या साडीकडे पाहिलं. "अहो, फोनवरच्या बाईंनी सांगितलंय, चालते म्हणून. मास्तरीण हायत त्या. त्या कशाला खोटं सांगतील?"

"ती बाई मीच गं. मी चुकले."

बाईने पोरीला आणखी मागे घेतलं. "तेव्हा चालते म्हणालात, आता नाय म्हणता. आमी कंचं खरं मानायचं?"

डॉक्टरांना पाठवण्यासाठी काढलेला इराच्या सुजलेल्या चेहऱ्याचा फोटो मी फोन उघडून तिच्यासमोर धरला. बाईने तो एकदाच पाहिला. आत जाऊन पुडा आणला आणि काकूंच्या हातात दिला.

"बाई, ते फोनवरचं पुसा पयलं," ती म्हणाली. "तुमच्यावर भरवसा ठेवणारी आमच्यासारखी किती जणं असतील."

ते तर केव्हाच पुसलं होतं. काकू तिथेच ओट्यावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या.