चिंचेने घासलेलं पदक

दसऱ्याची भांडी घासायला बायकोने चिंच भिजवली आणि त्या वासासरशी मी नव्वदच्या दशकातल्या, आखातातल्या अल ऐनला, आमच्या फ्रेमच्या दुकानात पोचलो. एका फ्रेंच मॅडमनी त्यांच्या आजोबांचं काळपट पदक फ्रेमला दिलं होतं, आजोबा लढाईत कामी आल्यावर आजीला मिळालेलं. शूराचं पदक हातात आल्यावर मी इतका हरखलो, की रूमवरची चिंच आणून ते देवाच्या ताम्हनासारखं लखलखीत केलं. मॅडम कधी येतात असं झालं होतं.

त्या आल्या आणि बघतच राहिल्या. "आजी हे रोज हातात धरायची," त्या हळूच म्हणाल्या. "ते डाग तिच्या बोटांचे होते."

आता भांड्यांसोबत बायकोने सीमेवर मारल्या गेलेल्या माझ्या भावाचं पदकही घासायला उचललं.

"ते राहू दे," मी म्हणालो. "त्यावर आईची बोटं आहेत."