दिवेलागणीचं वाचन

सध्या मी एकच कादंबरी वाचतो आहे, आणि तीही दुसऱ्यांदा अर्ध्यातून सुरू केलेली. दिवाळीआधी बर्डीच्या बाजारातल्या दुकानातून आणली होती. एरवी एवढं पुस्तक आठवड्यात संपवून मी लेखकाला नावं ठेवायला मोकळा झालो असतो. या पुस्तकानं मात्र माझा जीव टांगणीला लावला.

आमच्या घरी पुस्तक एकट्यानं वाचायचं नसतं. लग्न झाल्यावर मी बायकोला अक्षरं शिकवायला बसलो, तर ती म्हणाली, "दोघंही वाचत बसलो तर भाजी कोन निवडन?" तेव्हापासून कचेरीतून आलो की ओसरीवर मी मोठ्यानं वाचतो आणि ती भाजी निवडत ऐकते. पेन्शन लागली तरी वेळ तीच राहिली. दिवेलागणीला ती आधी देवापुढं, मग तुळशीपाशी दिवा लावते आणि शेवटी माझ्यापुढं कंदील आणून ठेवते. मी ओळीवर बोट ठेवून दिव्याला नमस्कार करतो आणि पुढं वाचू लागतो. इतक्या वर्षांत यात खंड नाही.

या कादंबरीतली बाई शिक्षिका आहे. प्लेगात गाव ओस पडतं आणि ही गावाबाहेरच्या झोपड्यांत आजाऱ्यांची सेवा करत मागं राहते. तिला ताप भरतो, तिथपर्यंत मी डोळ्यांनी वाचलं. त्यापुढं अक्षरं दिसेनात. माझा एक डोळा लहानपणीच देवीत गेलेला. उरलेल्या डोळ्यात धुकं दाटत होतं, त्याचं खापर मी चष्म्यावर फोडत होतो. धंतोलीचे डॉक्टर म्हणाले होते, मोतीबिंदू पिकला की काढू. म्हणजे पुरतं दिसेनासं झालं की यायचं. माझ्या थोरल्या भावाचा असाच काढला होता. पू झाला आणि डोळाच गेला. घरी मी यातलं काही बोललो नाही. भ्यालो होतो, सरळ सांगतो. वाचन गेलं तर माझ्यात उरतं काय? दोन वेळा जेवणारा एक म्हातारा.

म्हणून मी पुस्तक उघडून बसत राहिलो आणि मनचंच सांगू लागलो. अधूनमधून पान उलटायचं, खोकायचं, एखादा जड शब्द टाकायचा. तिला वाचता येत नाही, तेव्हा धकून जाईल असं वाटलं. बाईचा ताप मी उतरवला. रुसून गेलेला तिचा भाऊ परत आणला. झोपड्यांतले आजारी एकेक करून बरे केले. माझ्या हातून कोणी मरेना. संध्याकाळ जवळ आली की विचार पडायचा, आज कुणाला वाचवू?

एका संध्याकाळी कंदिलाची कडी वाजली. मी बोट ठेवलं, नमस्कार केला आणि पुन्हा सुरू झालो. भावाच्या लग्नाची पंगत बसवत होतो. बराच वेळ तिचा हुंकार आला नाही.

"काहून वं, झोपली का?"

"नमस्कार कशाले केला तुमी?" ती म्हणाली. "कंदील पेटवलाच नाही मी."

मी हात पुढं केला. काच थंडगार होती. लढाईमुळे मातीच्या तेलाची मारामार, म्हणून तेल संपलं असेल, असं मी स्वतःला समजावू पाहिलं.

"दिवाळीपासून पाहून राहिली मी," ती म्हणाली. "कोनी मेलं नाही, कोनी रडलं नाही. असं पुस्तक असते का कुठं?" तिन्हीसांजेला न पेटलेला कंदील नवऱ्यापुढं ठेवायचा, हे तिच्या जिवावर आलं असणार. तरी तिनं ते केलं.

मी उलट चिडलो. "मी सांगतो ते काय वाईट हाय का?"

"चांगलं हाय. पन ते तुमचं हाय. पुस्तकातल्या बाईचं काय झालं, ते मले पाह्यजे. उद्या डाक्टरकडे चला."

मोतीबिंदू पिकलाच होता. तो काढल्यावर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून मला निजवलं; हलायचं नाही, खोकायचं नाही. ती उशाशी बसून मलाच माझी बनावट कादंबरी सांगत राहिली. लग्नाची पंगत तिनं माझ्यापेक्षा चांगली वाढली.

डोळा वाचला. आता जाड भिंगाचा चष्मा आहे. परवा दुपारी ती विहिरीवर गेलेली पाहून मी चोरून पुढचं पान वाचलं. बाई त्याच पानावर मरते. भाऊ येत नाही. मी पुस्तक मिटलं आणि त्या संध्याकाळी डोळा दुखतो म्हणून सांगितलं. खरं तर त्या बाईला पुन्हा एकदा बरं करावं, असं माझ्या मनात घोळत होतं. कोण पाहणार होतं?

काल तिनं कंदील आणला. ज्योत मला दिसली. नमस्कार केला आणि ते पान जसं छापलं आहे तसं वाचलं. मधेच अक्षरं पुन्हा पुसट झाली. अंबाडीचे देठ खुडण्याचा आवाज कधीच थांबला होता. ती पदरानं डोळे पुसत होती. मी पुस्तक मिटायला लागलो.

"थांबू नका," ती म्हणाली. "आता खरं वाचून राहिले तुमी."