आतोबांची प्रकृती

आजारी पडण्याची कला या जगात एकाच माणसाला साधली होती, आणि तो माणूस म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. बाकीचे लोक आजारी पडतात, चार दिवस कण्हतात आणि उठून कामाला लागतात. त्यात कसली आली आहे कला? आमचे आतोबा आजार जोपासत. किहीमची नारळ-पोफळीची वाडी आत्या सांभाळी आणि आतोबा स्वतःची प्रकृती सांभाळत. दोघांनाही दिवस पुरत नसे. सकाळी उठल्याबरोबर आरशासमोर जीभ काढून पाहायची, मग नाडी, मग कानटोपी चढवून ओटीवर बसायचं आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला पोटातल्या वायूचा कालपासूनचा प्रवास सांगायचा. होडीकडे निघालेल्या एखाद्याने चुकून "बरं हाय ना भाऊ?" असं विचारलं, की त्याची भरती हुकलीच म्हणून समजावं.

आत्याला मात्र दुखणं कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. घरातल्या दुखण्यांचा सगळा वाटा ह्यांनीच उचलल्यावर तिच्यासाठी काही उरतच नसावं. आतोबांनी कण्हत "माझं आता काही खरं नाही" म्हटलं, की ती माजघरातूनच विचारी, "मग भाकरी दोन घालू की तीन?" आतोबा क्षणभर विचार करून म्हणत, "तीन घाल. शक्ती राहिली पाहिजे."

आमच्या आळीत थर्मामीटर एकच होता, आणि तो आतोबांच्या बंडीच्या खिशात. तो कुणाच्याही हाती ते देत नसत. कुणाचं पोर तापलं तर थर्मामीटरबरोबर आतोबांनाही न्यावं लागे, आणि पोराचा ताप पाहून झाला की आतोबांचा पाहीपर्यंत बसावं लागे.

सत्तावन्न सालच्या पावसाळ्यानंतर फ्ल्यूची साथ आमच्या आळीत आली, तेव्हा मी गावच्या शाळेत मास्तरीण होते आणि आत्याकडेच राहत होते. दसऱ्याच्या आधीच शाळा ओस पडली. घरोघरी माणसं घोंगड्या पांघरून पडली, चुली पेटेनात, हळवं भात कापायला आलं तरी शेतात कुणी फिरकेना. आतोबा मात्र तयारीत होते. त्यांनी खोलीत अंथरूण घातलं, उशाशी तांब्या ठेवला, गवती चहाचा काढा करवून घेतला आणि साथीची वाट पाहत पडून राहिले. दोन दिवस दर तासाला थर्मामीटर लावला. पारा अठ्ठ्याण्णवाच्या पुढे हलायला तयार नाही! आयुष्यभर ज्या दिवसासाठी झटावं, त्या दिवशी आपल्यालाच आमंत्रण नसावं, हा अपमान त्यांना सहन होईना. त्यातून रोज मासळी घेऊन येणारी कोळीण नुकतीच तापातून उठली होती, ती दारात उभी राहून म्हणाली, "आवो भाऊ, आख्खी आळी निजली हाय नि तुमी एकलंच धड? तुमाला काय व्हईत न्हाय?" आतोबांनी कूस बदलली.

आत्या चार घरची पेज एकाच मोठ्या पातेल्यात शिजवून घरोघर पोचवत होती. मीही अंथरूण धरलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपाशी म्हणाली, "मी जरा बसते." हे वाक्य मी तिच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकलं. ती बसली ती भिंतीला टेकून कलंडलीच. मी कशीबशी उठून तिला माजघरात आणून निजवली.

मग आतोबा उठले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहून विचारतो, "अगं, आपल्याकडे तांदूळ कुठे असतात?" आत्याने पडल्या पडल्या बोटाने दाखवलं. मीठ विचारीपर्यंत तिला ग्लानी आली होती. तरी पेज झाली. आता आजाऱ्याची पेज कोमट पाहिजे, ह्या बाबतीत आतोबांइतका अधिकारी माणूस तालुक्यात नव्हता. बोट बुडवून पाहणं त्यांना अडाणीपणाचं वाटलं, म्हणून त्यांनी थर्मामीटर काढला आणि रटरटत्या पातेल्यात बुडवला. काच फुटली, पारा पेजेत गेला आणि चार घरची पेज परसातल्या खड्ड्यात पुरावी लागली. कोळणीने विचारलं, "पेजंला किती ताप व्हता भाऊ?"

आतोबांनी निमूटपणे दुसरी पेज टाकली आणि घरोघर नेऊन दिली.

संध्याकाळी आत्याचा ताप चढला. ती बरळू लागली; रहाटाच्या बैलाला हाका मारी, मला ओळखेना. अलिबागहून डॉक्टर यायचे तर उद्याच. आतोबांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि रिकामा बाहेर आला. ज्यांनी तीस वर्षांच्या संसारात चारचौघांसमोर आत्याच्या पदराला कधी बोट लावलं नव्हतं, ते माझ्यादेखत आणि मदतीला थांबलेल्या कोळणीदेखत तिच्या उशाशी बसले आणि त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. ठेवला तो काढलाच नाही.

"भाजतंय गं," ते मला म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, औषध देऊन गेले, पण उतार पडेना. आतोबा मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत. मीठ कोळणीने आणून दिलं होतं. पेज शिजवावी, चार घरी द्यावी, धावत परत यावं, पुन्हा कपाळ. कानटोपी खुंटीलाच राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी आत्याला दरदरून घाम सुटला. तिने डोळे उघडले, आतोबांनी भरवलेला घोट गिळला आणि म्हणाली, "ह्यात मीठ नाही."

"नाहीच आहे गं," म्हणत आतोबा लहान पोरासारखे रडायला लागले. पट्ट्यांत घालायचं मीठ पेजेतही घालावं, हे त्यांना सुचलंच नव्हतं.

त्यानंतर आतोबा खडखडीत बरे झाले. नवा थर्मामीटर त्यांनी आणला नाही, आणि ओटीवरून वायूचं नावही ऐकू येईना. आम्हाला वाटलं, आत्या सुटली. पण तिला करमेना. एकदा दिवेलागणीला तिने मुद्दाम बाहेर येऊन विचारलं, "आज काही दुखत नाही का तुमचं?"

"नाही."

"गुडघासुद्धा?"

आतोबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "गुडघा आहे जरा," ते म्हणाले. आत्या समाधानाने तेल कोमट करायला आत गेली. तो गुडघा ठणठणीत होता, हे मला ठाऊक होतं, बहुधा तिलाही. पण पुढची कितीतरी वर्षं आतोबा रोज संध्याकाळी तिच्यासाठी काहीतरी दुखवून घेत.

आत्या गेल्यावर मी बदलीच्या गावाहून किहीमला गेले. आतोबा ओटीवर बसले होते. मी जवळ बसून विचारलं, "आतोबा, काही दुखतंय का?"

"नाही गं," ते म्हणाले. "आता काही दुखत नाही."