कार्डावरची मावशी

त्या दिवाळीत भेटवस्तू नीट पारखून घ्यायच्या, असं लेकीनं मला बजावलं होतं. आम्ही बौद्ध, घरात लक्ष्मीपूजन नसतं. पण अंबाजोगाईच्या ज्या दवाखान्यात मी रक्त तपासायचं काम करते, तिथल्या सगळ्यांकडून फराळाचे डबे येतात आणि रिकामा डबा परत करणं मला जमत नाही. लेक पुण्याला नोकरीला. ती म्हणाली, "आई, कसलीही शोभेची वस्तू नको घेऊस. जिनं हातानं बनवलं तिच्यापर्यंत पैसे पोचतात, असं बघून घेऊ." मला पटलं. तिनं मोबाइलवर एक दुकान शोधून दिलं आणि मी तिथून छोट्या गोधड्या मागवल्या.

पार्सल दवाखान्यातच आलं. जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीनं कात्रीनं खोकं उघडलं. प्रत्येक गोधडीला एक जाड कार्ड बांधलेलं होतं, त्यावर एका बाईचा फोटो.

"किती गोड हसतीये बघ ही," मैत्रीण म्हणाली.

मी बघितलं आणि हातातला घास तसाच राहिला. ती माझी मावशी होती. घाटनांदूरची, आईच्या पाठची. अंगणात बसून हसणारी. खाली छापलं होतं, की नवऱ्याच्या मृत्यूनंतर उघड्यावर पडलेली ही माउली तुमच्या खरेदीमुळे पुन्हा उभी राहिली आहे.

मावसा गेले आणि मला कुणी कळवलंच नाही? मी तशीच उठून व्हरांड्यात गेले, फोन लावला. पलीकडून मावसांचाच आवाज आला, "काय गं, जेवलीस का?"

रविवारी मी एक गोधडी घेऊन घाटनांदूरला गेले. मावशीनं ती उलटीपालटी करून बघितली. "ही माझी न्हाई. मी कवा कुणाला वाकळ इकली?"

"मग फोटो?"

तिला आठवलं. शहरातल्या दोन पोरी आल्या होत्या. ती लेकीच्या बाळंतपणासाठी वाकळ शिवत होती. पोरींनी कौतुक केलं, चहा प्याल्या, फोटो काढले, पाठवून देतो म्हणाल्या. "लई ग्वाड बोलत होत्या गं," मावशी म्हणाली.

मी कार्डावरचा मजकूर वाचून दाखवला. मावसा आधी खो खो हसले. मावशी हसली नाही. तिनं कपाळावरून हात फिरवला. कुंकवानं पुरळ उठतं म्हणून ती बऱ्याच वर्षांपासून काहीच लावत नाही. "रिकामं कपाळ बघून ठरवलं व्हय त्यांनी?" ती म्हणाली. "इचारायचं तर हुतं. हे इथंच खाटेवर निजलेले हुते." मावसांचं हसू विरलं.

मी तिथूनच दुकानाला फोन लावला, स्पीकरवर. फोन उचलणारी मुलगी फार नम्र होती. "मॅडम, फोटो प्रातिनिधिक असतो."

"म्हंजी काय?" मावशीनं विचारलं.

"कुणाच्या जागी कुणाचाही," मी म्हणाले.

मावशीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि मावसांपुढं धरला. मावसा शांतपणे म्हणाले, "ताई, मी तिचा मालक बोलतोय. त्यो मेलेला." पलीकडून फोन कट झाला.

गोधड्या मी परत पाठवल्या. दवाखान्यात त्या वर्षी सगळ्यांना घरी केलेल्या शेंगदाण्याच्या चिक्क्या दिल्या. लेक अनेक दिवस ओशाळल्यासारखी बोलत होती. तिचा तरी काय दोष? तिनं चांगल्या मनानंच सुचवलं होतं.

पुढं तिनंच एके दिवशी फोन केला. "आई, मावशीआजीचा फोटो त्यांनी दुकानाच्या पानावरून काढून टाकलाय. बघ."

मी मोबाइलवर ते पान उघडून बघितलं. गोधडी तीच. आता तिथं दुसऱ्याच एका बाईचा फोटो होता, डोक्यावरून पदर घेतलेल्या, थोड्या लाजऱ्या. तिच्याखालचा मजकूर मात्र शब्दन् शब्द तोच. तिचाही नवरा मेलेला.

मावशीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "कुण्या गावची असंल गं ती? तिला ठाऊक तरी हाय का?"

मी दुकानाला दोनदा विचारलं. उत्तर आलं नाही.