साहेबांच्या संकल्पनेतून

आज सकाळी ऑफिसच्या मोबाईल ग्रुपवर बातमी आली: 'साहेबांच्या संकल्पनेतून' कुठल्याशा शाळेत बाग फुलली. त्या दोन शब्दांनी डोकं तडकलं आणि मी मनानं थेट जव्हारच्या जुन्या सभागृहात जाऊन पोचलो.

तेव्हा मी शिक्षण विभागात कारकून होतो. दर महिन्याचं बातमीपत्रक शिक्षकांच्या सभेत मीच वाचायचो. कागदाला ओल्या शाईचा उग्र वास असायचा. साखरशेतच्या शाळेतल्या शिक्षिका सुनंदाबाईंनी मुलांसाठी वारली बोलीतल्या शब्दांची चित्रकार्डं केली होती. ते शब्द सांगणारी गावातली जानी त्या दिवशी कौतुकानं त्यांच्याबरोबर आली होती.

मी वाचलं, "साहेबांच्या संकल्पनेतून चित्रकार्डं तयार." टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबताच जानीनं मोठ्यानं विचारलं, "बाई, तुमचा नाव कदी येल?"

बाईंची मान खाली गेली. साहेब म्हणाले, "पुढची बातमी वाचा."

मी वाचली नाही. म्हणालो, "साहेब, कार्डं बाईंनी केलीत. पत्रक दुरुस्त करू या."

दुरुस्त पत्रक निघालं: 'साहेबांच्या संकल्पनेतून, सुनंदाबाईंच्या सहकार्याने.'

तेव्हा मला तो विजय वाटला होता. आज त्या 'सहकार्याने'चाच सर्वांत जास्त संताप येतो. स्वतःच्याच कामात बाईंनी सहकार्य केलं म्हणे! आणि जानीचं नाव तर कुणी विचारलंही नव्हतं.