भोंग्याने दिलेला आवाज

"तुमचं मशीन बंद पडलंय," बिऱ्हाडराव म्हणाला.

काचेपलीकडे बसलेल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी नुसती मान हलवली. मशीन चालू होतं. उजव्या कानात बारीक शिट्ट्या आल्या तेव्हा त्याने शहाण्या मुलासारखं दर वेळी बटण दाबलं होतं. आता डाव्या कानाची पाळी होती आणि गेली चार मिनिटं तो बटणावर अंगठा ठेवून वाट पाहत होता.

"डावा कान कधीपासून गेलाय?" बाईंनी विचारलं.

"गेलाय कुठे? आहे की जागेवर!" तो हसला.

बाई हसल्या नाहीत. लहानपणी गालगुंड झालं होतं का, एवढंच त्यांनी विचारलं. झालं होतं, सहाव्या वर्षी. आईने आठवडाभर गरम फडक्याने गाल शेकले होते. "मग तेव्हाच गेला असणार. दुसरा चांगला असला की माणसाच्या लक्षातही येत नाही," बाई म्हणाल्या आणि कागदावर सही करू लागल्या. बिऱ्हाडराव खुर्चीतून उठेना. अडतीस वर्षांच्या, सव्वासहा फुटी माणसाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आता त्याचं नाव सांगायला हवं. सतरा वर्षांत पाच देश आणि अकरा क्लब केले. सारखं बिऱ्हाड हलवायचा, म्हणून सोबत्यांनी त्याला बिऱ्हाडराव केलं. गडी फुटबॉलच्या बचावफळीतला, डाव्या बाजूचा. दर दीड वर्षाने बायको, मुलगी, कुकर आणि बूट गाडीत घालून नव्या गावी हजर. अकरा क्लबांनी त्याचे गुडघे तपासले, घोटे वाकवले, छातीला वायरी चिकटवल्या, एकाने तर दातसुद्धा मोजले. कान तपासायचं एकाही शहाण्याला सुचलं नाही. बाराव्या ठिकाणी तो प्रशिक्षक म्हणून लागणार होता, आणि तिथल्या फॉर्मवर कानाचा एक रकाना होता, म्हणून हे सगळं बाहेर आलं.

नव्या देशात गेला की माणूस आधी 'पाणी' शिकतो, नाहीतर 'धन्यवाद'. बिऱ्हाडराव आधी 'सोड' शिकायचा. उंच चेंडू गोलसमोर आला आणि गोलकीपर तो पकडायला पुढे धावला की ओरडतो, सोड! मग चेंडू नाकासमोर असला तरी बचावाच्या गड्याने अंग चोरायचं. ऐकलं नाही तर घोळ. चार परक्या भाषांत त्याला धड भाजी मागता येत नव्हती, पण 'सोड' मात्र चारही भाषांत झोपेतसुद्धा कळायचं.

आणि त्या खुर्चीतच त्याला भोंगा आठवला.

भोंगा हा त्याच्या सातव्या क्लबचा गोलकीपर. आवाज असा की सरावाच्या वेळी ओरडला तर पार्किंगमधला वॉचमन दचकायचा. दोघांची जिवाभावाची दोस्ती. 'बिऱ्हाडराव' हे बारसंही भोंग्यानेच केलेलं. मोसमाचा शेवटचा सामना होता, हरले तर संघ खालच्या गटात जाणार होता. उजवा बचावपटू लंगडत बाहेर गेला आणि प्रशिक्षकाने बिऱ्हाडरावला त्याच्या जागी, उजवीकडे हलवलं. जन्मात तो कधी तिथे खेळला नव्हता. शेवटची दोन मिनिटं उरली असताना पलीकडच्या बाजूने उंच चेंडू आला. त्याने चेंडूकडे तोंड केलं, उडी मारली, बाहेर घालवायला डोकं लावलं. भोंगा चेंडूसाठी पुढे आलेला होता, मागे जाळं रिकामं. चेंडू सरळ आपल्याच गोलमध्ये.

नंतर बंद खोलीत क्लबच्या साहेब लोकांनी दोघांना समोरासमोर उभं केलं. आवाज दिला होता का?

"घसा फाटेस्तोवर दिला!" भोंगा म्हणाला.

"खोटं," बिऱ्हाडराव म्हणाला. "दोन हातांवर होता हा. एक अक्षर बोलला नाही. माझ्या पाळण्यातल्या मुलीची शपथ."

भोंग्याने त्याच्याकडे पाहिलं आणि हातातले मोजे काढून टेबलावर ठेवले. आवाज न देणाऱ्या गोलकीपरला पुढे कोण उभं करणार? त्याचा खेळ तिथेच संपला. बिऱ्हाडरावला महिन्याभरात आठवा क्लब मिळाला.

आता खुर्चीत बसून त्याने डोळ्यांसमोर मैदान आणलं. जन्मभर तो डावीकडे खेळला. पलीकडून येणाऱ्या चेंडूकडे तिथून तोंड केलं की गोल आपल्या उजव्या हाताला येतो, उजव्या कानाच्या बाजूला. त्या एका दिवशी तो उजवीकडे उभा होता. गोल डाव्या हाताला होता. डाव्या हाताला भोंगा होता, आणि उजव्या कानात भरलेल्या स्टेडियमचा गलका.

तो घरी पोचला. बायको इस्त्री करत होती. त्याने सगळं सांगितलं. तिने इस्त्री उभी केली आणि त्याच्याकडे बघतच राहिली.

"तुला हे आज कळलं?"

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून. रस्त्याने मी नेहमी तुझ्या उजवीकडून का चालते? पोरीला सांगून ठेवलंय, बाबांना हाक मारायची तर या बाजूने मार. मला वाटलं, तू लपवतोयस. कान गेलेला गडी कोण घेईल? म्हणून मीही तोंड मिटून बसले."

अकरा क्लबांइतका जुना संसार, एका ताटात जेवणारी दोन माणसं, आणि ही गत! तिने तोंड मिटलं ते त्याच्या भल्यासाठी. हिच्यावर चिडायचं तरी कसं? तो चिडला नाही. चिडायला जीव कुठे होता त्याच्यात?

"शपथ मी तिची घेतली होती," एवढंच तो म्हणाला. आतल्या खोलीत मुलगी मोठ्याने भूगोल वाचत होती. आठ वर्षांची झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बसने भोंग्याच्या गावी गेला. भोंगा किल्ल्या बनवून द्यायचा. हातभर रुंद दुकान, भिंतभर कोऱ्या किल्ल्या, पुढ्यात कुरकुरणारं मशीन. या धंद्यात बोलावं लागत नाही. गिऱ्हाईक किल्ली ठेवतं, तो तशीच दुसरी करून देतो.

मशीन बंद झालं तसं बिऱ्हाडरावने उभ्या उभ्या सांगून टाकलं. कान, गालगुंड, डावा हात, सगळं. भोंगा हातातली किल्ली फडक्याने पुसत राहिला. बोलला तेव्हा इतका हळू की बिऱ्हाडरावला उजवा कान पुढे करावा लागला.

"आधी वर्षभर मी तुला शिव्या दिल्या," तो म्हणाला. "मग वाटायला लागलं, लेकीची शपथ कोण खोटी घेईल? आणि तू तर नाहीच. म्हणजे माझ्याच तोंडातून आवाज फुटला नसणार. ओरडलो असं मला नुसतं वाटलं असणार. मग कुणाला हाक मारायची म्हटली तरी भीतीच वाटायला लागली. फुटतोय की नाही, कुणास ठाऊक."

बिऱ्हाडरावला वाटलं, मित्राने आपल्याला खोटं ठरवलं असतं तर बरं झालं असतं. या वेड्याने स्वतःच्या गळ्यापेक्षा आपल्या शब्दावर विश्वास ठेवला होता!

"बाहेर चल," भोंगा म्हणाला. फुटपाथवर त्याने बिऱ्हाडरावला भिंतीशी नेऊन उभं केलं. "डोळे मीट."

बिऱ्हाडरावने डोळे मिटले. भोंगा चार पावलं डावीकडे सरकला. त्याने छाती भरून श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. मग समोरच्या शिंप्याच्या हातातली कात्री खाली पडली, कोपऱ्यावरचा सायकलवाला ब्रेक दाबून थांबला.

"सोड!"

बिऱ्हाडराव गर्रकन वळला तो उजवीकडे, ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला, आणि रिकाम्या भिंतीकडे पाहू लागला.

दुकानाच्या मागच्या दारातून भोंग्याची बायको ओल्या हातांनी धावत आली. "काय झालं? कोण ओरडलं?"

भोंगा फुटपाथवरच खाली बसला होता. दोन्ही हात त्याने गळ्यावर धरले होते.

"मी," तो म्हणाला. "त्या दिवशीसुद्धा मीच ओरडलो होतो गं."